हौसेला मोल आहे

(घरबसल्या नगावर काम करणाऱ्या बाया आणि हस्तकलेच्या हौशी वर्गातल्या बाया यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

संयोजक मैत्रिणीने मला बोलावताना बजावलं होतं, "ताई, या वेळी जड काही नको. हुंडा नको, कोर्टकचेरी नको. हस्तकलेवर बोला. बायांना चार घटका बरं वाटू दे." मी हो म्हटलं. पण सुई हातात घेतली की ती कुठे टोचेल ते सांगता येत नाही.

या मांडवात डाव्या हाताला बसल्या आहेत त्या हौशी वर्गाच्या मैत्रिणी. काश्मिरी टाका, गाठीचा टाका, क्रोशा, मण्यांचं तोरण, सगळं हौसेने शिकतात. उजव्या हाताला बसल्या आहेत त्या व्यापाऱ्याकडून साड्या आणून त्यांवर टिकल्या लावतात, लेस जोडतात, गोंडे गुंफतात. मिळतं ते नगावर. हातातली सुई दोघींची एकच, टाकाही तोच. मग एकीच्या कामाला 'कला' म्हणायचं आणि दुसरीच्या कामाला 'फावल्या वेळातलं काम', हे कुणी ठरवलं? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. लग्न ठरल्यापासून आई तिच्या मागे लागली, रुखवत झालं पाहिजे! दिवसभर रानातलं आणि घरातलं काम, आणि रात्री कंदिलाजवळ बसून क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, सुपाऱ्यांचा वाजंत्री ताफा, खणाच्या बाहुल्या. डोळे चोळत बसायची बिचारी. लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. वरपक्षाकडच्या बाया आल्या. त्यातल्या एकीने रुमाल उचलला, उलटा केला आणि मागच्या गाठी बघितल्या. "मुलगी हाताची साफ आहे," म्हणाली. आईचा जीव भांड्यात पडला.

मला अजून तो उलटा केलेला रुमाल दिसतो. बहिणीचा स्वभाव, तिचं गाणं, तिचं सातवीपर्यंतचं शिक्षण, कुणी काही विचारलं नाही. गाठी बघितल्या. लग्नानंतर तिने पुन्हा कधी क्रोशाची सुई हातात धरली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आता कशाला? रुखवत झालं की!" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की जिला आम्ही सगळे तिची हौस म्हणत होतो ती तिची हौस नव्हतीच. ती परीक्षा होती.

आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. नवरीची त्या रात्रींतून सुटका झाली, चांगलंच झालं. पण ते तयार रुखवत आभाळातून पडत नाही. कुठल्या तरी दुसऱ्या घरात, दुसऱ्या दिव्याखाली, दुसरी बाई बसलेली असते. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत जा. लेस, मोती, कुंदन, टिकल्या, गोंडे यांची पाकिटं टांगलेली दिसतात. आपण पाकीट उलटं करून किंमत बघतो. गोंडा कुणाच्या बोटांनी वळला, हे कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं.

यात जातही आहे, तीही सांगितली पाहिजे. पांढरपेशा घरातल्या मुलीचं भरतकाम चौकटीत बसून भिंतीवर गेलं. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बाईच्या कामाला आपण म्हणालो 'ठिगळं'. जुनं लुगडं, धोतर, पोरांचे कपडे थरावर थर घालून, कडेकडेने आत जात, हजारो धावदोरे घालते ती. नक्षी कागदावर काढत नाही, डोळ्यात असते. आपण तिला थोडे पैसे आणि वर एक जुनी साडी देऊन वाटेला लावलं. आता तीच गोधडी शहरातल्या मोठ्या दुकानात काचेमागे गेली आणि तिची किंमत हजारांत झाली. पण वाढलेलं मोल शिवणारीच्या घरापर्यंत पोचलं का, हे विचारायला हवं.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. अर्थ असा की हौस करायची तर पैशाकडे बघू नये. पण बाईच्या बाबतीत म्हणीचा अर्थ बदलतो. तिच्या कामाला एकदा हौस म्हटलं की मोल द्यायलाच नको!

ही युक्ती फार जुनी आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा मोठा व्यापार झाला, माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवून दिलं की जगाच्या बाजारासाठी दिवसचे दिवस लेस विणणाऱ्या या बायांना कामगार कुणीच म्हणत नव्हतं. त्या 'घरीच असणाऱ्या' बाया, घरकामातून उरलेल्या वेळात विणतात, असंच सगळे मानत. एकदा गृहिणी म्हटलं की मजुरी ही मजुरी राहत नाही, वरखर्चाचे पैसे होतात. व्यापारी पैसे मिळवत गेले, विणणारी होती तिथेच राहिली.

आता माझी स्वतःची गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते. कारण व्यापाऱ्याला शिव्या घालणं सोपं असतं.

काही वर्षांपूर्वी सुनेची पहिली संक्रांत होती. काळी चंद्रकळा आणली. हलव्याचे दागिने हवेत म्हणून आमच्याच वस्तीतल्या एका बाईंना सांगितलं. मंगळसूत्र, हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, मुकुट, सगळा साज. त्यांनी नऊशे रुपये सांगितले. आणि मी, बायकांच्या हक्कांवर भाषणं देणारी मी, म्हणाले, "अहो, घरचंच तर काम आहे तुमचं! सातशे घ्या." त्या काही बोलल्या नाहीत. सातशे घेतले.

महिन्याभराने आमच्या गटाची बैठक होती. विषय होता कामाचे तास. त्याच बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, त्या सेटचा हिशोब मांडू या का फळ्यावर?"

मांडला. हलवा करायचा म्हणजे परात मंद शेगडीवर ठेवायची. तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा घ्यायचा. चमच्याने साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. आच वाढली की पाक पिवळा पडतो, हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात. हवा दमट असली तर काटा धरत नाही. काटा उठेपर्यंत चार दिवस रोज अडीच तास, म्हणजे दहा तास. मग दाणे दोऱ्यात ओवायचे, पुठ्ठा कापायचा, चिकटवायचं, जर लावायची. ते चौदा तास. एकूण चोवीस. साखर, तीळ, जर, पुठ्ठा, दोरा, डबा यांचे तीनशे चाळीस. सातशेतून ते वजा केले, उरले तीनशे साठ. भागिले चोवीस.

तासाला पंधरा रुपये.

त्यात गॅस धरला नव्हता. भाजलेली बोटंही धरली नव्हती. बाईंनी मागितले तेवढे दिले असते तरी तासाला तेवीसच रुपये पडले असते. म्हणजे बाजारात उभं राहायचं तर आपलं मोल आधी आपणच कापायचं, हे त्यांना पाठ झालं होतं. उरलेलं मी कापलं. खोलीत कुणी बोललं नाही. मी दुसऱ्या दिवशी दोनशे रुपये घेऊन गेले. त्यांनी घेतले, आणि म्हणाल्या, "पैशाचं राहू दे ताई. पण घरचं काम म्हणालात ना, ते लागलं."

मैत्रिणींनो, हा शब्द बदलायला चळवळीला किती वर्षं लागली बघा. १९७२ साली अहमदाबादला 'सेवा' संघटनेची युनियन म्हणून नोंदणी करायला गेले तेव्हा अडचण हीच सांगितली गेली की या बायांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? इला भट्ट आणि त्यांच्या सहकारी बाया हटल्या नाहीत, नोंदणी झाली. पुढे असंघटित कामकरी बायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या इलाबेन अध्यक्ष झाल्या. त्या आयोगाचा 'श्रमशक्ती' अहवाल १९८८ साली आला आणि घरात बसून काम करणारी बाई सरकारी कागदावर ठळकपणे दिसली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी करार केला, क्रमांक १७७. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात एक सोय होती. दुसऱ्याने दिलेला माल शिवून, धुऊन, दुरुस्त करून, सजवून विक्रीला तयार करून देणारी व्यक्ती, मग ती घरी बसून का करेना, कायद्याच्या लेखी कामगार होती. सजवून! म्हणजे टिकली लावणारी बाईसुद्धा त्यात बसत होती. कायदा ज्या धंद्यांना लागू केलेला असेल त्यांतच, हे खरं. पण शब्द होता. किती जणींना ठाऊक होता? त्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०१९ साली वेतन संहिता केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या आहे. पण व्याख्येने पोट भरत नाही. दर कोण ठरवणार, तक्रार कुणाकडे न्यायची, हे आपल्याला विचारत राहावं लागेल.

सुई फक्त पोटासाठी चालते असंही नाही. ती बोलतेसुद्धा. बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावच्या बाया सुजनी शिवतात, ती आपल्या गोधडीची बहीणच. जुन्या कापडाच्या थरांवर धावदोऱ्याने त्यांनी हुंडा, मारहाण, मुलींची शाळा, सगळं भरलं आहे. आणि दूर दक्षिण अमेरिकेत, चिली देशात, १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली. माणसं उचलून नेली, परत आलीच नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी चर्चच्या आसऱ्याने एकत्र बसू लागल्या आणि गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं करू लागल्या. "ते कुठे आहेत?" हा प्रश्न कापडात शिवला. ती चित्रं देशाबाहेर विकली जात. त्यातून चूलही पेटे आणि जगाला खबरही मिळे. बायकांच्या शिवणकामाकडे कोण लक्ष देतं, असं सत्ता समजत होती. त्या समजुतीचा बायांनी असा उपयोग केला.

आता हौशी मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आम्ही काय हौस करायची नाही की काय? करा! अगदी जरूर करा. बाईला दिवसातला एक तास स्वतःचा मिळणं हाच मुळात हक्काचा प्रश्न आहे. तो तास कुणाची परीक्षा द्यायला किंवा कुणाला खूष करायला नको. तुम्हाला वाटलं म्हणून फूल काढा, वाटलं म्हणून अर्धं सोडून द्या. मागच्या गाठी कुणी मोजल्या तर रुमाल हातातून काढून घ्या. पण एकच मागते. एक गोंडा वळायला किती वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही वळला आहात. हे ज्ञान दुकानात जाताना घरी ठेवू नका. गटाच्या स्टॉलवर घासाघीस करू नका.

आणि कामकरी मैत्रिणींनो, तुम्ही घड्याळ लावा. प्रत्येक नग किती वेळात होतो ते वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. दोऱ्याचे, दिव्याचे, जाण्यायेण्याचे पैसे लिहा. व्यापाऱ्याकडून चिठ्ठी मागा: माल किती, नग किती, दर काय, तारीख काय. खराब म्हणून कापतो तेव्हा कापलेला नग समोर दाखवायला सांगा. एकटीने मागितलं तर तो दुसरीकडे जाईल. म्हणून आधी गल्लीतल्या सगळ्याजणी बसा, दर ठरवा, आणि त्याखाली कुणीच काम उचलायचं नाही असं ठरवा. कठीण आहे, मला माहीत आहे. घरात पीठ नसतं तेव्हा ठराव मोडतो. मोडला तर मोडणारीला वाळीत टाकू नका, पुन्हा बसा.

आमच्या गटाच्या खोलीत तो फळा अजून आहे. संक्रांत जवळ आली की त्या बाई स्वतः खडू घेतात आणि नव्या दराचा हिशोब मांडतात. मागच्या खेपेला हिशोब पुरा झाला, आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, यंदा किती सेट सांगू तुमच्यासाठी? दर वर लिहिलाय."

मी दर वाचला आणि एक सेट सांगितला. घासाघीस केली नाही.