घरपट्टी माफ, पण घर कुठंय?

(नाशिकमधील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आपलं नाशिक फौजी माणसांचं गाव. देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण छोटा झेंडा टाचतो, डब्यात पैसे टाकतो. 1949 पासून हे चालू आहे. आज मात्र मला डब्याबद्दल नाही, सरकारी तिजोरीबद्दल बोलायचंय.

गेल्या पावसाळ्यात रामकुंडाजवळ सत्तरीच्या एक आजी भेटल्या. जवळ कपड्यांचं गाठोडं आणि प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक. तो नऊ वर्षं नोकरी करून परतलेला. शिपायाला पेन्शनसाठी साधारण 15 वर्षं सेवा लागते. म्हणून त्याला पेन्शन नव्हती, तो गेल्यावर हिलाही नाही. वर्षश्राद्ध उरकलं आणि दिरानं बाहेर काढलं.

मी त्यांना घेऊन एका कार्यालयात गेले. साहेब नीट बोलले, योजना वाचून दाखवल्या. त्यात घरपट्टी माफीही होती. आजी म्हणाल्या, "घरपट्टी माफ झाली गं पोरी, पण घर कुठंय?"

यावर हसून चालणार नाही. 2020 मध्ये राज्य सरकारनं माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका घराचा मालमत्ता कर माफ केला. चांगलंच केलं. पण हा पैसा घर असणाऱ्यालाच पोचतो. बाईच्या नावावर घर असतं कुठे? मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला वाटा, असं 1956 चा हिंदू वारसा कायदा सांगतो. तरी उताऱ्यावर चढतं ते दिराचं नाव.

मग निवारा? शहरात दर लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये राज्यांना बजावलं. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या घरात होतं. म्हणजे पंधरा निवारे हवेत. आपल्या शहरात किती आहेत आणि त्यांत बायकांना निर्धास्त झोपता येईल असे किती, हे आपणच फिरून मोजू या.

राज्याचा सैनिक कल्याण विभाग सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवतो. इमारती आहेत, स्वयंपाकघरं आहेत. तिथेच बेघर माजी सैनिकांसाठी आणि विधवांसाठी वेगळ्या खोल्या का नकोत? त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी. देणगीच्या डब्यावर कुणाचं छप्पर अवलंबून राहू नये. आणि पेन्शन नाही, पत्ता नाही, म्हणून अर्ज परत जाता कामा नये.

एवढ्या मागण्यांचं निवेदन घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. तोवर प्रत्येकीनं आपल्या वस्तीत, घाटावर, स्टेशनवर विचारावं: आजी, तुमचे मालक कुठे नोकरीला होते? ही यादी आपल्याशिवाय कुणी करणार नाही.