पाखरावर हक्क कोणाचा?
(बुद्धवंदनेनंतर उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



परमपूज्य बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच खंडात सिद्धार्थाच्या बालपणीचा एक प्रसंग आहे. शेतावर झाडाखाली बसलेल्या सिद्धार्थापुढे बाणाने विद्ध झालेला पक्षी येऊन पडला. त्याने बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजले आणि उपरण्यात गुंडाळून त्या जीवाला छातीशी धरले. हा बाण कोणी मारला, हा विचार त्याने त्यानंतर केला. आधी शुश्रूषा, मग वाद. हा क्रम ध्यानात ठेवा.

तोच चुलत भाऊ देवदत्त आला व पक्षी मागू लागला. मारणारा तोच मालक, हा मृगयेचा नियम त्याने पुढे केला. सिद्धार्थाने तो नियमच अमान्य केला. जो रक्षण करतो त्याचाच हक्क. मारू पाहणारा धनी कसा होईल? प्रकरण लवादाकडे गेले आणि निर्णय सिद्धार्थाच्या बाजूने लागला.

मृगयेचे नियम कोणी केले होते? शिकाऱ्यांनीच. पाखराला कोणी विचारले नव्हते. आपल्यावर शतकानुशतके लादलेले नियमही असेच होते. महाडच्या चवदार तळ्यावर पशुपक्षी पाणी पीत, पण माणूस असून आपणांस मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांनीही नियम करणाऱ्याचा अधिकारच नाकारला. म्हणून ही गोष्ट केवळ भूतदयेची नव्हे, ती न्यायाची आहे.

आता तुमच्या अंगणाकडे वळा. संक्रांतीच्या सुमारास मांजाने पंख कापलेली घार किंवा घुबड दाराशी पडते. घुबड अपशकुनी म्हणून कोणी दगड उचलतो. कावळा शिवला तर विटाळ म्हणून कोणी दूर सरतो. ज्यांच्या स्पर्शाला काल विटाळ म्हटले गेले, त्यांनी आज दुसऱ्या जीवाचा स्पर्श विटाळ मानावा काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाठ म्हणण्यासाठी नाही.

जखमी पक्ष्यावर अलगद फडके टाकून त्यास उचला. चोच व नख्या सांभाळा. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या, शांत व उबदार जागी ठेवा. चोचीत बळेच पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. मुलांची गर्दी होऊ देऊ नका. मग वनखात्यास किंवा पशुवैद्यास कळवा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. तो आपल्या मुलाच्या फिरकीवर नसावा.

आणखी एक गोष्ट. रक्षणकर्त्याचा हक्क म्हणजे पिंजऱ्याचा हक्क नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला पोपट घरी कोंडणे हा गुन्हा आहे. बंधन म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. बरा झालेला पक्षी आकाशाचा आहे.

तुमची मुले तुमच्याकडे पाहत आहेत. दगड उचलणारा हात त्यांनी पाहावा की फडके पसरणारा, हे तुम्हीच ठरवावयाचे आहे.

जय भीम!