चंचल चित्त आणि चिंता

कळमन्याचा बाजार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. संत्र्याच्या बहारात गाड्यांची रांग लागते, लिलावाचा पुकारा चालतो, हमाल वाट मागतो, आणि या गलबल्यात अडत्याच्या दुकानी दिवाणजी शेतकऱ्याची हिशेबपट्टी लिहीत असतो. समजा, हा दिवाणजी पस्तिशीचा आहे. हुशार आहे, भाव त्याला तोंडपाठ. पण पट्टी अर्धी लिहून तो उठतो, किल्ली कुठे ठेवली ते विसरतो, आणि सायंकाळी एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर पडलेली निघते. मालक रागावतो. रात्री झोप नाही, छातीत धडधड : उद्या काय चुकेल? त्या धास्तीने तो वही उघडायचेच टाळतो. मग चूक आणखी वाढते.

घरचे म्हणतात, "लक्ष देत जा ना बाप्पा!" पण लक्ष देणे हेच तर त्याला साधत नाही. डॉक्टर या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. आपण अवधानाची अस्थिरता म्हणू. १९०२ साली लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी मुलांमधील अशा लक्षणांचे वर्णन केले. वय वाढले की हे आपोआप जाते, असा समज पुढे फार वर्षे टिकला. तो खरा नव्हे. मोठ्या माणसांत शंभरी दोन-तीनजणांना हा त्रास असतो, आणि त्यांतल्या पुष्कळांना चिंतेचा विकारही जडलेला असतो. वर्षानुवर्षे बोलणी खाल्ली की मन धास्तावणारच!

यावर उपचार आहे, आणि उपचार म्हणजे उपदेश नव्हे. बोस्टनच्या डॉ. स्टीव्हन सॅफ्रन यांनी २०१० साली ८६ प्रौढांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वजण औषध घेत होते, तरी त्रास उरला होता. काहींना अंग सैल सोडण्याचे शिक्षण दिले, काहींना विचार आणि वर्तन यांचे वळण बदलण्याचे. दुसऱ्या गटाला अधिक गुण आला.

त्यात शिकवतात काय? चार चिठोऱ्या नकोत, एकच वही. न कंटाळता आपण किती मिनिटे बसू शकतो, ते घड्याळ लावून मोजायचे. बारा मिनिटे निघाली तर कामाचे तुकडे बारा मिनिटांचे. मध्येच दुसरे काही आठवले तर उठायचे नाही. बाजूच्या कागदावर टिपायचे आणि हातातला तुकडा संपवायचा. आमच्या दिवाणजीने एका गाडीची पट्टी पुरी करावी, बेरीज ताडावी, मगच दुसरी घ्यावी. चिंतेसाठीही कागदच घ्यायचा. "मी निकामी आहे" असे मन म्हणते. त्याखाली लिहायचे, आज चाळीस पट्ट्या लिहिल्या, एक चुकली. आणि टाळलेली वही रोज थोडी थोडी उघडायची. हे साधायला काही महिने लागतात, आणि शिकवणारा माणूस लागतो. खर्रा तोंडात धरला की डोके चालते, असे आपल्याकडे कित्येकजण सांगतात. तंबाखूने घटकाभर तरतरी वाटते खरी, पण पुढे तोंडाच्या कर्करोगाचे भय आहे. तिला औषध कसे म्हणावे?

खरे औषध मानसोपचारतज्ज्ञानेच द्यावे. मिथाइलफेनिडेट नावाच्या गोळीने अवधान सुधारते, पण एखाद्याची धडधड तिने वाढूही शकते. म्हणून अवधानाचा उपचार आधी की चिंतेचा, हे तपासूनच ठरते. थायरॉइडचा दोष किंवा अपुरी झोप यांनीही अशीच लक्षणे दिसतात.

जावे कुठे? नागपूरच्या मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय तर १८६४ पासूनचे. तिथल्या चौकाला लोक पागलखाना चौक म्हणतात, आणि त्या नावापायीच कित्येकांचा पाय तिकडे वळत नाही. ज्याला जायचा संकोच वाटतो, त्याने १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

जाताना आई किंवा थोरला भाऊ सोबत असावा. बाराव्या वर्षाआधी लक्षणे होती काय, हे डॉक्टर विचारतात, आणि ते स्वतःला आठवतेच असे नाही. शिक्षकबंधूंनो, तिथे तुमचे अक्षर कामी येते. "हुशार आहे, पण लक्ष नसते" एवढाच शेरा न लिहिता, मुलगा केव्हा उठतो, काय अर्धे सोडतो, कशात रमतो, हेही प्रगतिपुस्तकात लिहा. आणि घरच्यांनो, जुनी प्रगतिपुस्तके पेटीत असतील तर ती रद्दीत घालू नका. डॉक्टरकडे सोबत न्या.