शास्त्रसंशोधनातील सावड
(किन्हवली येथे ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



आज संमेलनापुढे विद्यार्थिनिधीच्या विनियोगाचा प्रश्न आहे. शास्त्रशाखेत उच्च अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना या निधीतून साहाय्य द्यावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. परराष्ट्रांच्या बरोबरीने चालणाऱ्या संशोधनावर सरकार कोट्यवधी रुपये खर्च करते, त्याच्याशी आपल्या खेड्यातील मुलांचा काय संबंध, असा एक आक्षेप निघाला आहे. त्याविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

भाताच्या आवणीला सावड करण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. आज माझ्या घरची माणसे तुमच्या खाचरात, उद्या तुमची माझ्या खाचरात. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. अट एकच, ज्याच्या घरून कामाचे हात येत नाहीत, त्याची सावड फार दिवस टिकत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील शास्त्रीय सहकार्यही याच न्यायाने चालते.

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळात आपल्यापाशी देण्यासारखे थोडे होते. १९५८ साली मुंबईची आय.आय.टी. सुरू झाली, ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएट साहाय्याने. यंत्रसामग्री व तज्ज्ञ तिकडून आले. इमारती व चालू खर्च यांचा भार आपल्या सरकारने उचलला. ते घेण्याचे दिवस होते. त्यात कमीपणा नव्हता, कारण जे घेतले त्यातून येथे शिकविणारे निर्माण झाले.

पुढची पायरी पाहावयाची तर दूर जावयास नको. मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुका लागतो. तेथे नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या असून त्या मिळून एका दुर्बिणीचे काम करतात. आकाशस्थ ज्योतींकडून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसविण्याची युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून पोलाद कमी लागते आणि खर्चही कमी येतो. पैसा आपल्या सरकारचा, कल्पकता आपल्या माणसांची.

२००२ पासून ही दुर्बीण जगातील सर्व शास्त्रज्ञांना खुली आहे. अर्जदार कोणत्या देशाचा वा कुळाचा हे पाहून तेथे वेळ दिला जात नाही. विषयाचा कस पाहिला जातो. परक्यांना का द्यावी, असे कोणी विचारील. तर देणाऱ्यालाच मागण्याचा अधिकार येतो. २०२३ च्या जूनमध्ये विश्वातील अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचे जाहीर झाले. युरोपीय शास्त्रज्ञांच्या त्या कार्यात खोडदच्या निरीक्षणांसह भारतीय व जपानी शास्त्रज्ञ बरोबरीने सहभागी होते. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे उभारल्या जात असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या महादुर्बिणीत सामील होण्यासाठी आपल्या सरकारने १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिच्या नियंत्रणप्रणालीच्या कामात भारतीयांचा वाटा मोठा आहे. तो मिळाला तो खोडदच्या अनुभवामुळे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथील ‘लायगो’ प्रकल्पासही २०२३ साली २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. मुख्य उपकरणे अमेरिकेची, जागा व बांधणी आपली. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत; परंतु लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे नेमके कळण्यास दूरवर आणखी एक वेधशाळा हवी. म्हणजे येथे गरज दोन्ही पक्षांची आहे. हीच खरी सावड.

आता आपल्या घराकडे वळू. सरकार पैसा देईल, करार करील. हात मात्र घराघरांतूनच यावयास हवेत. अशा कामास गणिती लागतात, तसेच जोडारी, वीजतंत्री आणि पदविकाधारकही लागतात. गरीब कुटुंबाला आधी मिळकत हवी, हे म्हणणे मी खोटे मानीत नाही. म्हणूनच पदविका आणि पदवी या दोहोंस साहाय्य असावे आणि मुलींना त्यात समान वाटा असावा, अशी माझी सूचना आहे. ज्यास साहाय्य मिळेल, त्याने सुटीत गावी येऊन धाकट्या मुलांना गणित शिकवावे. निधीची परतफेड ती हीच.

दुसरी सूचना सोपी आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे विज्ञानप्रदर्शन भरते. मंडळाने एक एस.टी. ठरवून मुलांना ते दाखवून आणावे. प्रवासखर्च मोठा नाही. जगाचे शास्त्रज्ञ जेथे वेळ मागतात, ते ठिकाण आपल्या घाटापलीकडे आहे, एवढे जरी मुलांच्या ध्यानी आले, तरी आजच्या आक्षेपाचे उत्तर तीच देतील.