माळ्यावरची पेटी

न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकत्र नाचत. तिथला ‘लिंडी हॉप’ नाच फ्रँकी मॅनिंग यांनी गाजवला. पुढे स्विंगची लाट ओसरली आणि मॅनिंग टपाल खात्यात नोकरीला लागले. सत्तरीनंतर तरुणांनी त्यांना शोधून काढलं. ते पुन्हा शिकवू लागले.

२००९च्या मे महिन्यात त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवसाचा सोहळा ठरला होता. २७ एप्रिलला ते गेले. सोहळा मात्र झाला. कार्यशाळा भरल्या, बँड वाजले, माणसं मनसोक्त नाचली.

मीही टपाल खात्यातलाच. नोकरीत असताना पेटी माळ्यावर टाकली, ती निवृत्तीनंतरही तिथंच होती. ही हकिकत वाचली आणि खाली काढली. भाता फाटलाय, पण दुरुस्त होईल.