चिलीची विझलेली भट्टी



३१ मे २०२३ रोजी चिलीतील व्हेंतानास येथील तांबे वितळविणारी भट्टी विझविण्यात आली. सरकारी मालकीची ही भट्टी १९६४ पासून पेटलेली होती. तिच्या धुराला कंटाळलेल्या गावकऱ्यांनी ती बंद व्हावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. तर ती बंद होऊ नये म्हणून तांबे-कामगारांनी जून २०२२ मध्ये संप केला. दोन्ही बाजूंना कष्टकरीच. अशा वेळी समाजवाद्यांनी कोठे उभे राहावे?

गावकऱ्यांची तक्रार काल्पनिक नव्हती. तांब्याचे धातुक बहुधा गंधकयुक्त असते. भट्टीत त्या गंधकाचा विषारी वायू होतो. तो अडविला तर त्यापासून विकाऊ गंधकाम्ल मिळते. न अडविला तर तो वस्तीवर उतरतो. मार्च २०११ मध्ये ला ग्रेदा येथील शाळेतील मुले व शिक्षक त्यामुळे आजारी पडले आणि पुढे ती शाळाच हलवावी लागली. त्या किनाऱ्यावर वीजकेंद्रे आणि तेलउद्योगही आहेत, हे खरे; पण त्यामुळे भट्टी निर्दोष ठरत नाही.

कामगारांचे म्हणणे एवढेच होते की, धूर पकडणारी यंत्रसामग्री बसवा, भट्टी मोडू नका. हे म्हणणे केवळ नोकरीपुरते नव्हते. ११ जुलै १९७१ रोजी चिलीच्या संसदेने मोठ्या तांबेखाणींचे राष्ट्रीयीकरण एकमताने मंजूर केले. आयेंदे तांब्याला चिलीचा पगार म्हणत. १९७३ च्या लष्करी उठावात आयेंदे गेले, सरकारी खाणी मात्र टिकल्या. परंतु नंतर परकी भांडवल पुन्हा आत आले. १९९० साली सुरू झालेली एस्कोंदिदा ही जगातील सर्वांत मोठी तांबेखाण खासगी आहे आणि तिला स्वतःची भट्टी नाही.

परिणाम असा की, जगातील सुमारे चतुर्थांश तांबे खणणारा हा देश त्यातील मोठा हिस्सा 'कॉन्सन्ट्रेट' नावाच्या भुकटीच्या रूपात जहाजांत भरतो. या भुकटीत तांबे असते शेकडा तीसच्या आसपास. उरलेले लोखंड, गंधक वगैरे फुकट प्रवास करते. जगातील जवळजवळ निम्मे तांबे आज चीनमध्ये वितळते. तेथे भट्ट्या इतक्या वाढल्या की, टनामागे वितळवणीचा वार्षिक करारदर २०२४ मध्ये ८० डॉलर होता, तो २०२५ मध्ये २१.२५ डॉलरवर आला. या दरात नवी भट्टी परवडत नाही, असे चिलीचे हिशेबनीस सांगतात. हिशेब चुकीचा नाही. पण त्यात ला ग्रेदाच्या मुलांचा रकाना पूर्वीही नव्हता, हे विसरू नये.

धूर मात्र संपत नाही, पत्ता बदलतो. याचा अनुभव कोकणाला आहे. रत्नागिरीकरांनी १९९३ मध्ये तांब्याचा कारखाना हुसकावला, तो तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे २२ मे २०१८ रोजी त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. १३ माणसे मेली. रत्नागिरीचा विजय खराच होता, पण धूर पकडण्याचा खर्च कारखानदाराच्या गळ्यात बांधण्याची लढाई तेथे झालीच नाही. व्हेंतानासच्या कामगारांची मागणी नेमकी तीच होती. फक्त ती गावकऱ्यांच्या मोर्चातून यायला हवी होती, आणि काही दशके आधी.

व्हेंतानासचा शुद्धीकरण कारखाना अजून चालू आहे. तो दुसऱ्या भट्ट्यांतून आलेले तांबे शुद्ध करतो.