‘ध’चा ‘मा’ कोणी केला?



मराठीच्या तासाला वाक्प्रचार शिकविताना एक वाक्प्रचार असा येतो की त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘ध’चा ‘मा’ करणे. मुले एका सुरात उत्तर देतात, आणि पाठोपाठ कोणीतरी म्हणते, “आनंदीबाईंनी केला.” व्याकरणाच्या तासाला एका खुनाच्या खटल्याचा निकाल लागतो. आरोपी हजर नाही, साक्षीदार नाही, पुरावा नाही. तरी निकाल एकमताने! हा निकाल प्रथम कोणी दिला आणि ऐतिहासिक नाटक-कादंबरी लिहिणाऱ्यांचा त्यात वाटा किती, याविषयी आज आपणांपुढे दोन शब्द बोलावयाचे आहेत.

मूळ घटना आपणांस ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. भर दुपारी गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना त्यांनी ठार केले. थोरले माधवराव थेऊरास वारले त्याला अजून वर्षही झाले नव्हते. नारायणराव जीव घेऊन काकांकडे, म्हणजे रघुनाथरावांकडे धावले. रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. पुतण्याने काकांच्या कमरेला मिठी मारली, आणि त्या मिठीतून त्याला ओढून काढण्यात आले, असे सांगतात. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही कापला गेला. वाड्यातली आणखी माणसेही त्या दिवशी मेली. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग हे गारद्यांचे म्होरके. आणि रघुनाथरावांचा खिजमतगार तुळाजी पवार त्यांना सामील.

यात ती चिठ्ठी कोठून आली? रघुनाथरावांनी गारद्यांना ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहून दिले होते आणि आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, ही गोष्ट ग्रँट डफने १८२६ साली लंडनमध्ये छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. फेरफार केलेला कागद पुढे रामशास्त्र्यांच्या हाती आला, असेही तो लिहितो. बाईंचे नाव मात्र तो लोकांच्या समजुतीच्या आधारे देतो. घटनेला तोवर पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. तो मूळ कागद कोणा इतिहाससंशोधकाच्या संग्रहात आलेला नाही. म्हणजे ज्या अक्षराने एका स्त्रीला दोन शतके गुन्हेगार ठरविले, ते अक्षर आपण कोणी पाहिलेले नाही.

आता हीच गोष्ट नाटककाराच्या नजरेने पाहा. त्याला यापेक्षा अधिक काय हवे? एक दिवा, एक लेखणी, एक बाई आणि एक अक्षर. सारा कट हाताच्या तळव्यावर मावतो! कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणले. त्यांच्या आनंदीबाईंच्या मागे शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ उभी आहे, हे जाणकारांनी केव्हाच ओळखले आहे. खाडिलकर लोकमान्यांच्या ‘केसरी’तले. त्या वेळी लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते, आणि सुरतेला काँग्रेस दुभंगून दोनच वर्षे झाली होती. घरातल्या दुहीने राज्य बुडते, हे त्या प्रेक्षकांना पेशव्यांच्या निमित्ताने ऐकावयाचे होते आणि खाडिलकरांनी ते बुलंद वाणीने ऐकविले. नाटक थोर आहे, यात मला शंका नाही. पुढे १९४४ साली ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ आला. त्यातले गजानन जागीरदारांचे रामशास्त्री आणि ललिता पवारांच्या आनंदीबाई ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या मनात इतिहासाचे चेहरेच ठरून गेले. रणजित देसाई मात्र ‘स्वामी’ (१९६२) मध्ये माधवरावांच्या मृत्यूपाशी थांबले. वर्षभरात त्या घरात काय घडणार हे वाचकाला माहीत असते, आणि म्हणूनच त्या कादंबरीतले काका-पुतण्यांचे प्रसंग वाचताना जीव दडपतो.

लेडी मॅकबेथचे नाव निघाले म्हणून सांगतो. स्कॉटलंडचा खरा मॅकबेथ इसवी सन १०४० मध्ये गादीवर आला आणि त्याने सतरा वर्षे राज्य केले. राजा डंकन निजलेला असताना त्याच्या पाहुण्याने त्याला मारले, हे खरे नव्हे. तो रणात पडला. मॅकबेथच्या राणीचे नाव ग्रूक्. तिने नवऱ्याला चिथावले असा तिच्या काळचा कोणताही पुरावा नाही. शेक्सपिअरच्या हाती आलेल्या जुन्या इतिवृत्तात महत्त्वाकांक्षी पत्नीचा उल्लेख होता. त्याने तिला हात दिले, आणि ते हात कितीही धुतले तरी स्वच्छ होईनात. पुण्याचे आनंदीबाईंचे प्रकरण याच घाटाचे आहे. राजघराण्यात खून झाला की लेखणी वाड्याच्या आतल्या दालनाकडे वळते. तिथे बाई सापडते, आणि तिच्या पदरात गुन्हा टाकला की नवरा केवळ दुबळा ठरतो. रघुनाथरावांवर आपल्या वाङ्मयाने किती दया केली आहे, ते पाहा. अटकेपार झेंडे लावणारा वीर, पण बायकोच्या आहारी गेलेला! रंगभूमीवर तो पश्चात्तापाने होरपळतो आणि प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतात.

प्रत्यक्षात तपास काय झाला? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. दोषी निघाले ते एक-दोन नव्हेत, सुमारे पन्नास. त्यांत गारदी होते, ब्राह्मण कारकून होते, प्रभू होते, मराठे होते. थकलेल्या पगाराचा प्रश्न होता, जुने अपमान होते, नजरकैदेचा जाच होता, आणि तरुण पेशव्यांचा तापट स्वभावही होता. हा गुन्हा एका रात्री एका अक्षरात झालेला नाही. तो आठवडेच्या आठवडे अनेकांच्या संमतीने आणि अनेकांच्या मौनाने शिजत होता. ग्रँट डफनेच दिलेली आणखी एक हकिकत मला त्या चिठ्ठीपेक्षा फार भयंकर वाटते. गारद्यांत काही गडबड आहे याची कुणकुण नारायणरावांना त्याच दिवशी लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले. हरिपंत एका स्नेह्याकडे भोजनास गेले! पुढे हेच हरिपंत बारभाईंच्या बाजूने निष्ठेने लढले, मोठे सेनानी झाले. दुष्ट माणूस तो नव्हे. पण त्या दुपारच्या पानावर कोणी नाटक लिहिले नाही. पक्वान्नांत खलनायक दिसत नाही ना!

रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना तोंडावर सांगितले की या पातकास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, आणि पुणे सोडले. मी ख्रिस्ती. आमच्याकडे पापाची कबुली धर्मगुरूच्या कानात दिली जाते, आणि प्रायश्चित्तही तिथेच हलक्या आवाजात सांगितले जाते. म्हणून असेल, हा प्रसंग वाचताना मला नेहमी जाणवते की शास्त्रीबुवांनी प्रायश्चित्त हा धर्माचा शब्द उच्चारला, पण केले ते न्यायाधीशाचे काम. आणि त्यांनी ते बाईंना सांगितले नाही, दादासाहेबांना सांगितले. शब्द कोणी बदलला हा प्रश्न त्यांच्या निकालात गौण होता. माणसे कोणी पाठविली, हा मुख्य.

कोणी म्हणेल, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची ही भांडणे आता कशास उकरावीत? मी राहतो ते तारिहाळ हुबळीला लागून आहे, आणि इथून धारवाडचा किल्ला फार दूर नाही. त्या खुनाचे पडसाद या मुलखापर्यंत आले आहेत. पुण्यात घर फुटले, रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ साली सुरतेचा तह झाला, आणि मराठे इंग्रजांशी गुंतलेले पाहून हैदरअलीने कृष्णेपर्यंतचा प्रदेश घशात घातला. त्यात धारवाडही गेले. ते परत घ्यावयास परशुरामभाऊ पटवर्धनांना १७९० च्या पावसाळ्याअखेरीपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत किल्ल्यास वेढा घालून बसावे लागले. खुनातले तुळाजी पवार आणि खरकसिंगही आश्रयाला दक्षिणेस हैदराकडेच पळाले होते; पुढे ते पुण्याच्या हाती पडले. किल्ल्याच्या वेशीखालून जाताना यातले काही आठवत नाही. चिठ्ठीतले अक्षर मात्र सर्वांना आठवते.

ऐतिहासिक कादंबरी लिहू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कागद संपतो तिथे कल्पनेने पाऊल टाकावेच लागते. पण खऱ्या गुन्ह्यावर लिहिणाऱ्याच्या हाती नकळत न्यायासनाचे काम येते. कल्पना करावी ती मनाची, हवेची, दुपारच्या उन्हाची. ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही त्याच्या हातात सुरा देऊ नये. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी असतील. नवऱ्याच्या गादीची इच्छा त्यांनी धरली असेल, तशी ती त्या काळी कोणत्या सरदाराच्या घरी धरली जात नव्हती? १७८३ च्या अखेरीस रघुनाथराव कोपरगावी वारले. बाई पुढे दहा वर्षे देखरेखीखाली जगल्या आणि मार्च १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीस गेल्या. आपला मुलगा बाजीराव पेशवा झालेला त्यांनी पाहिला नाही.

या विषयावर आणखी एक कादंबरी कोणी लिहिणार असेल, तर तिची सुरुवात मला चापाजी टिळेकरापासून झालेली आवडेल. चिठ्ठीत काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि गादी कोणाकडे जावी याविषयी त्याला कोणी विचारलेले नव्हते. त्या सकाळी तो वाड्यात आपल्या कामावर आला होता.